दिवाळीचा खजिना शोध पहिल्यांदाच करताय?

ताई, मुलांनी कोडी सोडवत दुकानांच्या काचांवरच्या खुणा शोधायचा हा खेळ बिनधास्त करा! फक्त पहिल्याच वर्षी पुण्याचा अख्खा लक्ष्मी रोड घेऊ नका. तुळशीबाग ते मंडई, सहा दुकानं, तासाभराचा खेळ पुरे. त्यापुढे लहान मुलं कंटाळतात. वसुबारसेच्या आधीची सकाळ गाठा. धनत्रयोदशीला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

- दुकानदारांना आधी प्रत्यक्ष भेटा. ऐन गिऱ्हाइकीत कोणी ऐकून घेत नाही.
- खूण काचेला आतून, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. बाहेर लावलेला कागद पणत्यांच्या हातगाडीमागे हमखास झाकला जातो.
- कोडी अवघड करण्याची चूक सगळेच करतात. ‘पोटात तेल, ओठावर ज्योत’ इतकं सोपं ठेवा.

बक्षीस फक्त पहिल्या नंबराला नको. शोध पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला किल्ल्यावर ठेवायला मातीचा एक मावळा द्या.