कर्ज फिटलेली २०१४ ची गाडी ठेवावी, हप्त्यावर नवी घ्यावी की लीजवर?

तुमचा मामला मला समजला तो असा: २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, कर्ज २०१९ मध्येच फिटलंय, ६८,००० किलोमीटर झालेत. राहायला बोरिवली, ऑफिस बीकेसी, पण रोज जाता ट्रेननेच. गाडी निघते शनिवार-रविवारी आणि वर्षातून दोनदा गावी, म्हणजे वर्षाला साधारण ५,००० किलोमीटर. आता गॅरेजवाल्याने क्लच, पुढचं सस्पेन्शन आणि एसीचा कॉम्प्रेसर मिळून ४२,००० सांगितलेत. भाऊ म्हणतो हप्त्यावर नवी घे, ऑफिसातला मित्र म्हणतो लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याने, घे.

माझं मत विचाराल तर ४२,००० भरा आणि हीच चालवा. फक्त एक अट आहे आणि ती गॅरेजच्या एस्टिमेटमध्ये कुठेच लिहिलेली नसते. तिच्याकडे येतोच.

मी स्वतः यातून गेलोय. आमची गाडी २०११ ची, घरात सगळे तिला म्हातारी म्हणतात. २०१८ च्या पावसाळ्यात तिचं ३८,००० चं बिल आलं. डोकं इतकं फिरलं की त्याच संध्याकाळी मी शोरूम गाठलं आणि ११,००० भरून नवी गाडी बुक करून घरी आलो. बायकोने वाद घातला नाही. खाली जाऊन ग्लोव्ह बॉक्समधली वही घेऊन आली. कव्हरवर तेलाचे डाग पडलेली साधी दोनशे पानी वही, तिच्यात आम्ही पंक्चरचे पैसेसुद्धा लिहितो. तिने पेन्सिलने सव्वातीन वर्षांचा दुरुस्तीचा खर्च जोडला: ७१,०००, त्या दिवसाच्या ३८,००० सकट. महिन्याला अठराशेच्या आसपास पडला. शोरूमवाल्याने सांगितलेला हप्ता होता १४,२००, सात वर्षं. "आज अडतीस हजार जड गेले ना? आता दर पावणेतीन महिन्यांनी तेवढेच जातील," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली. (बुकिंगचे ११,००० परत मिळायला दोन महिने आणि नऊ फोन लागले. असो.)

गॅरेजचं बिल एकरकमी येतं, म्हणून ते डोळ्यांत खुपतं. हप्ता पाच तारखेला गुपचूप कापला जातो, बँकेचा मेसेज येतो, आपण तो वाचतही नाही. म्हणून तुलना करायची तर वर्षाची वर्षाशी करा.

आता नव्या गाडीचा हिशोब. समजा ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो १६,६०७ आणि पाच वर्षांत व्याज जातं १ लाख ९६ हजार. शोरूममधला फायनान्सवाला तुमचा चेहरा बघून लगेच सात वर्षांचा कागद पुढे सरकवेल. हप्ता उतरून १२,८७१ वर येतो, छान वाटतं, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. कुणी "फक्त सहा टक्के फ्लॅट" म्हणालं तर सावध व्हा. फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८ लाखांवरच लागतं, तुम्ही फेडत आणलेली मुद्दल हिशोबात धरली जात नाही. ८ लाखांवर ६ टक्के फ्लॅटने पाच वर्षांचा हप्ता १७,३३३ बसतो, म्हणजे घटत्या शिलकीच्या भाषेत जवळजवळ पावणेअकरा टक्के. वरच्या ९ टक्क्यांपेक्षा महाग, ऐकायला मात्र स्वस्त. शिवाय गाडीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, ते मुदतीआधी फेडायला गेलात तर दंड किती, हे सही करण्याआधी विचारा.

१६,६०७ चा हप्ता म्हणजे वर्षाला जवळपास दोन लाख. तुमचं फिरणं ५,००० किलोमीटर. नुसता हप्ताच किलोमीटरला चाळीस रुपये पडला. पेट्रोल, विमा, सोसायटीचं पार्किंग अजून बाजूलाच आहे. मुंबईची काळी-पिवळी फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये घेते, म्हणजे किलोमीटरला वीस-एकवीस रुपये, त्यात ड्रायव्हरही आला. भाऊ म्हणेल की पाच वर्षांनी गाडी आपल्या मालकीची होते, टॅक्सीचं काय उरतं? बरोबर आहे. पण उरतं किती तेही बघा. विमा कंपन्यांच्या कोष्टकात गाडीची किंमत वर्ष भरायच्या आत १५ टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्म्याने उतरवतात. बाजारातला भाव थोडा इकडेतिकडे होईल, पण दिशा तीच.

भावाची एक गोष्ट मात्र खरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी हॅचबॅक पूर्वीपेक्षा स्वस्त पडते. फक्त नवीचा भाव उतरला की जुनीचाही उतरतो, तेव्हा एक्स्चेंजला तुमच्या डोक्यात जो आकडा असेल त्यातून थोडे वजा करून ठेवा.

लीजबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्यासाठी ते नाहीच. कंपनीमार्फत पगारातून कापून लीज घेतली तर काहींचा टॅक्स वाचतो, किती ते तुमच्या स्लॅबवर आणि कंपनीच्या नियमांवर ठरतं. एचआरकडून आकडा लेखी घ्या. माझ्या एका सहकाऱ्याने घेतली होती आणि दीड वर्षात नोकरी बदलली. गाडी लीज कंपनीच्या नावावर, नव्या कंपनीत ती सोय नाही, मग उरलेली रक्कम एकदम भरा किंवा गाडी सोडा. त्याच्या फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून) आकडा कापला गेला, तेव्हा त्याने पहिल्यांदा करारनामा पूर्ण वाचला. दुसरा प्रकार सबस्क्रिप्शनचा: महिन्याचं भाडं, डिपॉझिट, किलोमीटरची मर्यादा. तुम्ही ती मर्यादा कधीच गाठणार नाही, म्हणजे न फिरलेल्या किलोमीटरचेही पैसे द्याल. आणि परत देताना ओरखडे मोजतात. दहिसर नाक्यापासून सांताक्रूझपर्यंत रिक्षांच्या गर्दीत बंपर शाबूत ठेवून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता ती अट. इंजिन, क्लच, कॉम्प्रेसर या बदलता येणाऱ्या वस्तू आहेत. मुंबईत गाडी मरते ती पत्र्याने. समुद्राची हवा, चार महिने पाणी, उघड्यावर पार्किंग. २०२२ मध्ये आमच्या मिस्त्रीने म्हातारीला लिफ्टवर चढवलं आणि मला खाली बोलावलं. हातात जुना स्क्रूड्रायव्हर होता, त्याच्या मुठीने तो तळाचा पत्रा ठोकत निघाला. टक्, टक्, टक्, सगळीकडे भरीव आवाज. ड्रायव्हरच्या पायांखाली आल्यावर आवाज बसका झाला. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला, टोक नुसतं टेकवलं आणि ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. ओढून काढलं तर टोकाला कार्पेटखालच्या नमद्याचा ओला, काळा लगदा. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी कचऱ्याने तुंबली होती. पाणी खाली न पडता दोन वर्षं आत झिरपत होतं आणि आम्ही "गाडीत कुबट वास येतो" म्हणून सुगंधी डब्या लावत होतो. पत्रा कापून, तुकडा वेल्ड करून, वर अँटी-रस्ट मारून ४,५०० झाले. मिस्त्री तेव्हा म्हणाला ते लक्षात ठेवा: "फ्लोअर सडला तर पॅच मारू साहेब, पण सस्पेन्शन जिथे धरलंय ती पट्टी सडली असती तर मी सांगितलं असतं, विकून टाका."

तेव्हा ४२,००० ला हो म्हणायच्या आधी गाडी लिफ्टवर चढवून तळ, सस्पेन्शनच्या जागा आणि दारांखालच्या पट्ट्या बघून घ्या. त्या भक्कम असतील तर ६८,००० किलोमीटर म्हणजे पेट्रोल इंजिनाला काहीच नाही. तिथे गंज आत शिरला असेल तर नव्या क्लचवर एक रुपया घालू नका.

माझ्या सल्ल्यातली एक लंगडी बाजू लपवत नाही. २०१४ च्या बेस मॉडेलमध्ये बहुतेकदा एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ पासून सक्तीच्या झाल्या. शहरात चाळीसच्या वेगाने फिरताना हे मी चालवून घेतो. पण तुम्ही मुलांना घेऊन दर महिन्याला मुंबई-गोवा हायवेला लागत असता, तर वरचं सगळं गणित मी गुंडाळून ठेवलं असतं आणि नवी घ्या म्हटलं असतं. वर्षातून दोनदाच जाता, तर तेवढ्यापुरती ड्रायव्हरसकट चांगली गाडी भाड्याने करा. आम्ही गणपतीला तेच करतो. बाप्पाच्या गावी म्हातारीला नेत नाही.

कागदांचं भूत फार मोठं नाही. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा जो नियम गाजतो, तो दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे, मुंबईला लागू नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातली पेट्रोल-डिझेल वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला समिती नेमा असं सरकारला सांगितलं, तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला "जुन्या गाड्या बंद" येतंय. तुमची आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, २०२९ पर्यंत आहे. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. एप्रिल २०२२ पासून कारला त्याची फी ५,००० आहे, शिवाय पर्यावरण कर. म्हातारीचं यंदा तेच करायचंय. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर बसवा. आणि आरसी काढून बघा, तिच्यावर अजून बँकेचं नाव नाही ना? कर्ज फिटलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवावं लागतं, निम्मे लोक विसरतात आणि विकायच्या दिवशी धावपळ करतात.

विम्याबाबत, प्रीमियम वाचवायला नुसत्या थर्ड पार्टीवर जाऊ नका, त्यात आपल्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. तुमच्याकडे पार्किंग तळमजल्यावर असेल तर २६ जुलैसारखा एखादा दिवस पुरतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस (प्रीमियममधली सूट) ५० टक्क्यांवर असेल. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पुढेमागे नवी घेतलीत तर सोबत न्या.

शेवटचं काम बँकेत. भावाच्या सल्ल्याने नवी घेतली असती तर १६,६०७ दर महिन्याला जाणारच होते. त्याच्या निम्मे, आठ हजार, आजपासून आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) टाका. दुरुस्ती निघाली तर त्यातूनच करा. तीन वर्षांत व्याज सोडून २ लाख ८८ हजार होतात, म्हणजे २०२९ ला आरसी संपेल तेव्हा कर्ज कितीतरी लहान लागेल. आणि आठ हजार काढताना तिसऱ्या महिन्यातच ओढाताण झाली, तर सोळा हजारांच्या हप्त्याचं काय झालं असतं ते तुम्हाला फुकटात कळेल.

गॅरेजला जायच्या आधी घरीच एक करा. ड्रायव्हरच्या पायांखालचं मॅट काढा, कार्पेटची कड उचला आणि खालच्या नमद्यावर तळहात दाबून बघा. ओलं लागलं तर फोटो काढून इथे टाका, क्लचचं काम तोवर थांबवा.