पहिल्यांदाच लोकांमध्ये जाऊन लिहिणार असशील तर

अरे, प्रश्नावली एवढ्यात काढू नकोस. आधी नुसता जाऊन बस, हाताला काम दिलं तर कर. नवखे लोक पहिल्याच भेटीत फोन पुढे धरून रेकॉर्डिंग सुरू करतात आणि मग समोरचा माणूस भाषण दिल्यासारखा बोलायला लागतो. रेकॉर्डिंग हवंच असेल तर विचारून, आणि कशासाठी, कुठे छापणार, नाव येणार की नाही हे साध्या भाषेत आधी सांगून. मधेच कोणी "हे लिहू नका" म्हणालं तर पेन खाली, वाद नाही.

दुसरी चूक म्हणजे जो पहिला पुढे येऊन बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं समजणं. बहुतेकदा तो पुढारीच निघतो. मागे गप्प बसलेल्यांकडे वेगळा वेळ काढून जा.

बाकी सुरुवातीला एवढंच:
- टिपणं त्याच रात्री उतरव, नंतर त्यांचे शब्द जाऊन तुझे येतात
- "मग पुढे काय झालं?" एवढंच विचार, लोक तासभर बोलतात
- छापायच्या आधी त्यांचा भाग त्यांना वाचून दाखव, चुका तेच पकडतात

आणि छापून आलं की प्रत स्वतः नेऊन दे, काम झालं की गायब होणारे त्यांनी भरपूर बघितलेत. सॅम्पलिंग (कोणाकोणाशी बोलायचं ते नीट निवडणं), कोडिंग (टिपणांतले मुद्दे विषयवार लावणं) वगैरे नंतर बघू, आधी दोन-चार चकरा मारून ये.