दीड वर्षाचा मुलगा झोपताना भिंतीवर डोकं आपटतो. डॉक्टरांना दाखवावं का?

दाखवा. पण घाबरून नको, आणि घरातल्या कुणी तुम्हाला दोष दिला म्हणून तर मुळीच नको.

माझ्या धाकट्याचं नवव्या महिन्यात सुरू झालं. रात्री दिवा घालवला की हात-गुडघे टेकून पलंगाच्या उशाकडच्या फळीवर कपाळ ठोकायचा. ठक, ठक, ठक, एका लयीत. दहा-पंधरा मिनिटांनी तिथेच आडवा होऊन गाढ झोपायचा. रडणं नाही, कपाळावर फक्त रुपयाएवढा लाल डाग. मी मध्ये हात धरला तर तो ढकलून पुन्हा फळी शोधायचा.

घरच्यांचं निदान तयारच होतं. आई दिवसभर बँकेत, म्हणून पोर मनातून कष्टी आहे. मीठ-मोहरी उतरवून झाली, गळ्यात ताईत आला, नणंदबाईंनी राजीनामा द्यायला सुचवलं. चार महिने मी ते खरं मानलं.

शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तो दोनदा पाहिला. हाक मारली की बघतो का, बोट दाखवून मागतो का, दिवसा नीट खेळतो का, एवढंच विचारलं. म्हणाले, पाळण्याला आपण झोका देतो, हा स्वतःच स्वतःला देतोय. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास लागते ही सवय, तीन-चार वर्षांपर्यंत बहुतेकांची सुटते. औषध काही नाही. पलंगाचे स्क्रू आवळा, पलंग भिंतीपासून सरकवा. नोकरीचं मीच विचारलं. "घरी असणाऱ्या आयांची मुलंही आपटतात," म्हणाले. त्या रात्री पानावर बसल्या बसल्या मी ते सगळ्यांना ऐकवलं. साडेतीन वर्षांचा झाला आणि आपटणं थांबलं. मी अजून त्याच बँकेत आहे.

अंगठा चोखणं हीही अशीच सवय; त्यासाठी पोराच्या बोटाला कडुलिंब फासणं, हातावर चापट्या, हेही बंद करा. रागावण्याने सवय उलट घट्ट होऊ शकते.

एक मात्र सांगायला हवं. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके देत मान खाली घालून हात फेकत असेल, तर ती सवय समजू नका. त्या फिट्स असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. येत असलेले शब्द गेले, हाकेला बघेनासा झाला, जखमा होऊ लागल्या, तरी थांबायचं नाही.

तुमचा मुलगा दिवसाही आपटतो का, हाकेला वळतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते बघा, आणि आज रात्रीच व्हिडिओ काढून ठेवा.