हार्वर्ड आलं की मासे का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेली आहे. ती सांगते, तिथे आइस हॉकीच्या सामन्याला हार्वर्डचा संघ आला की मुलं बर्फावर मेलेले मासे फेकतात. हा काय प्रकार? आणि एवढा राग हार्वर्डवरच का?

उत्तर : ताई, मुलीने सांगितलं ते अगदी खरं आहे. कॉर्नेलमध्ये शिकत असताना मी स्वतः ते पाहिलंय. ही प्रथा १९७०च्या दशकातली. कॉर्नेलमध्ये मोठं शेतकी कॉलेज आहे, त्यावरून हार्वर्डच्या पाठीराख्यांनी सामन्यात कोंबडी आणून यांना खिजवलं. हार्वर्ड बॉस्टनच्या कुशीतलं, समुद्राकाठचं. म्हणून कॉर्नेलच्या पोरांनी उत्तर दिलं ते माशांनी. पाहुणे बर्फावर उतरतात त्याच वेळी मासे पडतात. खेळ सुरू झाल्यावर काही फेकलं तर यजमान संघालाच दंड होऊ शकतो, त्यामुळे जुने प्रेक्षक नव्यांना आधीच दटावून ठेवतात.

मात्र पन्नास वर्षांचं वैर नुसत्या कोंबडीवर टिकत नाही. त्याच्या मुळाशी साखळी आहे. अमेरिकेत कॉलेजांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. कॉर्नेल आणि हार्वर्ड ‘ईसीएसी’ या १२ संघांच्या गटात आहेत. प्रत्येक संघाशी दोन सामने, एक घरी आणि एक त्यांच्याकडे, म्हणजे एकूण २२. निर्धारित ६० मिनिटांत जिंकलात तर तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलात तर दोन, आणि तिथे हरलात तरी एक. गुणतक्त्यात पहिल्या चारांत आलात की बाद फेरीची पहिली पायरी खेळावी लागत नाही. त्यामुळे नोव्हेंबरातला एक हुकलेला गोल मार्चमध्ये महागात पडतो, आणि तो कोणामुळे हुकला हे कोणी विसरत नाही.

आता हार्वर्डच का? कॉर्नेलचं गाव इथाका, तिथून बॉस्टन मोटारीने पाच तासांहून लांब. कोलगेट विद्यापीठ त्या मानाने हाकेच्या अंतरावर, त्यांच्याशीही चुरस आहेच. पण मला विचाराल तर वैराची धार अंतरावर ठरत नाही, पणाला काय लागलंय त्यावर ठरते. २००२ ते २००६ या पाच वर्षांत ईसीएसीच्या अंतिम सामन्यात हे दोघे चार वेळा समोरासमोर आले. २००२ आणि २००६ हार्वर्डने जिंकले, २००३ आणि २००५ कॉर्नेलने. त्यातले २००२ आणि २००३चे सामने जादा वेळेत गेले. १९९५ पासून २०२५ पर्यंत कॉर्नेलचे प्रशिक्षक राहिलेले माइक शेफर खेळाडू होते तेव्हा हार्वर्डविरुद्धच्या सामन्याआधी त्यांनी स्वतःची स्टिक डोक्यावर आपटून मोडली होती! ही गोष्ट इथाकात अजून सांगतात.

याच गटातली दुसरी जोडी बघा, येल आणि क्विनिपियाक. ही मात्र खरी भाऊबंदकी, बांधाला बांध लागलेली: येलचं न्यू हेवन आणि क्विनिपियाकचं हॅम्डन ही शेजारशेजारची गावं. येल जुनं, मानाचं, पण ‘आयव्ही लीग’ या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या संघटनेच्या नियमाने खेळासाठी शिष्यवृत्ती न देणारं. क्विनिपियाक २००५ साली या गटात आलेलं, शिष्यवृत्ती देणारं, भराभर वर चढलेलं. २०१२-१३च्या मोसमात क्विनिपियाकने येलला तीनदा हरवलं. मग पिट्सबर्गला राष्ट्रीय अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघे, आणि येल ४-० ने जिंकलं. क्विनिपियाकला राष्ट्रीय विजेतेपद मिळायला २०२३ उजाडलं. अशा पराभवाचा सल किती खोल जातो, ते ज्याने चौथी भेट हरली त्यालाच ठाऊक.

प्रश्न : गट बदलले तर हे वैर संपतं का?

उत्तर : संपत नाही, उपाशी राहतं. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या विद्यापीठांचे संघ कित्येक दशकं एका गटात होते. २०१३ मध्ये मिनेसोटा ‘बिग टेन’मध्ये गेलं, नॉर्थ डकोटा नव्या ‘एनसीएचसी’मध्ये, आणि दरवर्षीच्या भेटी थांबल्या. लगेच २०१४ मध्ये राष्ट्रीय उपांत्य सामन्यात गाठ पडली. ०.६ सेकंद उरलेला असताना मिनेसोटाने गोल करून २-१ ने बाजी मारली. पुढे दोघांनी ठरवून गटाबाहेरचे सामने सुरू केले. पण त्यात गुणतक्त्याची टांगती तलवार नाही. पैशाच्या आणि टीव्हीच्या गणितात अशा जोड्या तोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : मुलगी म्हणते, एकदा बघायला या. कोणता सामना बघू?

उत्तर : हार्वर्डचा मिळाला तर सोनंच, पण लायना रिंकमध्ये, म्हणजे कॉर्नेलच्या हॉकीच्या मैदानात, जेमतेम सव्वाचार हजार माणसं मावतात, तेव्हा तिकीट लवकर काढायला सांगा. नाही मिळालं तर कोलगेट किंवा क्लार्कसन विद्यापीठाविरुद्धचा सामना बघा. विद्यार्थ्यांच्या बाजूला बसणार असाल तर सामनाभर उभं राहायची तयारी ठेवा, आणि गरम कपडे आत घाला, आतही गारठा असतो. पाहुण्या खेळाडूंची नावं पुकारली जातात तेव्हा सगळी पोरं तोंडासमोर वर्तमानपत्र धरून ‘कंटाळा आला’ असं ओरडतात. मुलीला एक अंक तुमच्यासाठीही ठेवायला सांगा.