रात्रभर पंपाला लावलं तरी डीएमएफ हटत नाही

प्रश्न: ताई, मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज दादरला. प्रोजेक्टमध्ये एका फिनॉलचं बेंझायलेशन केलं (म्हणजे त्याला बेंझाइल गट जोडला), डीएमएफमध्ये (डायमिथाइलफॉर्मामाइड, आमचं सॉल्व्हंट) पोटॅशियम कार्बोनेट टाकून. टीएलसी (मिश्रणात किती पदार्थ आहेत ते बघायची पातळ थराची चाचणी) मस्त, एकच स्पॉट. फिल्टर करून रोटाव्हॅपवर (व्हॅक्युममध्ये फिरवत सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) ६० डिग्रीला सगळं उडवलं (आमच्याकडे नळाच्या पाण्याच्या धारेने व्हॅक्युम करणारा अ‍ॅस्पिरेटर आहे), मग रात्रभर व्हॅक्युम पंपाला लावलं तरी घट्ट तेलच, आणि एनएमआरमध्ये (रेणू ओळखायचा स्पेक्ट्रम) ८.०२, २.९६, २.८८ ला पीक तसेच. यील्ड १०८ टक्के!! सर म्हणतात कॉलम मार (सिलिका भरलेल्या नळीतून सोडून वेगळं कर). दुसरा काही उपाय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अगं, कॉलम नंतर बघू. ते तिन्ही पीक डीएमएफचेच. समजा तुझ्या प्रॉडक्टचं मोलेक्युलर वेट ३०० आहे आणि इंटिग्रेशनवरून (पीकच्या क्षेत्रफळावरून) दोन रेणूंमागे डीएमएफचा एक रेणू निघतोय, तर वजनात जवळजवळ ११ टक्के डीएमएफच आहे, म्हणजे खरं यील्ड ९६च्या आसपास. वाईट नाहीये की!

आता ते उडत का नाही. डीएमएफ १५३ डिग्रीला उकळतं, रोटाव्हॅपवर ४० डिग्रीला उकळवायचं तर साधारण ११ मिलीबार लागतो. अ‍ॅस्पिरेटर पाण्याच्या व्हेपर प्रेशरच्या खाली जाऊच शकत नाही, आणि मुंबईत उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० डिग्री असलं की तो आकडा ४२ मिलीबार होतो, मग तू कितीही वेळ फिरवत बस. पंपाचा व्हॅक्युम चांगला असला तरी घट्ट तेलाच्या पोटातून ते वर यायलाच तयार नसतं. बाथ ९०-१०० ला नेऊ नको, बेस (तुझं पोटॅशियम कार्बोनेट) शिल्लक असेल तर डीएमएफ तुटून डायमिथाइलअमाइन सुटतं, मासळीसारखा वास आला की समजायचं.

त्यापेक्षा डीएमएफला पाण्यात पाठव, तिथे ते आनंदाने जातं. तेल इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळव, प्रॉडक्ट झेपत असेल तर अर्धं हेक्झेन घाल, मग डीएमएफ पाण्याकडे अजून सरकतं. डीसीएम (डायक्लोरोमिथेन) नको, ते डीएमएफ धरून ठेवतं. डाय-इथाइल ईथर ३५ डिग्रीच्या आतच उकळतं, मे महिन्यात बिनाएसीच्या लॅबमध्ये सेपरेटिंग फनेलचं बूच उडवायचंय का? आधी दोन-तीनदा साध्या पाण्याने धू, मग ५ टक्के लिथियम क्लोराइडने दोनदा, शेवटी ब्राइन (मिठाचं संपृक्त पाणी). लिथियम क्लोराइड महाग असतं म्हणून साधं पाणी आधी, आणि त्याची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली तर आत पाणीच सापडेल, तेव्हा एकदाच सोल्युशन करून ठेव. वॉशचं पाणी सिंकमध्ये नको, वेस्टच्या कॅनमध्ये. ग्लोव्हज घाल, डीएमएफ स्किनमधून आत जातं.

पुढच्या बॅचला तर रोटाव्हॅप आधी लावूच नको. रिअ‍ॅक्शन संपली की सरळ डीएमएफच्या आठ-दहा पट बर्फाच्या पाण्यात ओत, नशीब असेल तर प्रॉडक्ट सॉलिड होऊन खाली बसेल, फिल्टर करून पाण्याने धुतलं की झालं. एवढं करूनही थोडं उरलंच तर हेप्टेन घालून दोनदा उडव, त्याच्याबरोबर डीएमएफचा अझिओट्रोप (एकत्रच उकळणारं मिश्रण) होतो.

सोडियम सल्फेटवर सुकवून रोटाव्हॅप केल्यावर एनएमआरमध्ये ४.१२, २.०५, १.२६ दिसले तर घाबरू नको, ते इथाइल अ‍ॅसिटेट. थोड्या डीसीएममध्ये विरघळवून परत उडव, मग पंपाला लाव, ते ७७ डिग्रीवालं आहे, पंपाला ऐकतं.