माफी मागून झाली तरी मन हलकं का होत नाही?

हा प्रश्न मला ख्रिस्ती विश्वासी लोकच जास्त विचारतात. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) एक ताई, नर्स म्हणून रिटायर झालेल्या, लग्नावरून वडिलांशी भांडण झालं ते कधी मिटलंच नाही, वडील आजारी पडले तेव्हाही या गेल्या नाहीत आणि मग ते वारलेच. तेव्हापासून रोज रात्री तीच कबुली, शुक्रवारी उपास, आणि प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकरी नि द्राक्षारस घेतात त्या) रविवारी मात्र मागे बसून राहायचं, कारण अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो हे बायबलमधलं वाचन ऐकलं की पुढे जायची हिंमतच व्हायची नाही. झोप तर कधीच उडालेली.

मी विचारलं, ताई, देवाने माफ केलं असं एकदा तरी वाटलं का? म्हणाल्या, "मॅडम, अजून पुरेसं कुठे केलंय मी?"

वधस्तंभावर येशू "पूर्ण झाले आहे" म्हणाला, म्हणजे कर्ज फिटलं, आणि ताई अजून हप्ते भरत होत्या. "कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या" यात आधी सगळं फेडून या असं कुठेय? पश्चात्ताप आणि स्वतःला शिक्षा देत राहणं यातला फरक आपल्याकडे नीट सांगितला जात नाही, असं मला फार वाटतं.

मग आम्ही सोबत वाचलं. अयोग्य खाण्याचं ते वाक्य प्रेषित पौलाच्या पत्रातलं, करिंथ शहरातल्या मंडळीला तो रागावला कारण तिथे काहीजण आधीच खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, रडत येणाऱ्याला परत पाठवायला त्याने ते लिहिलं नाहीये. मग पेत्र, येशूचा शिष्य. त्याने येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं, आणि मेलेल्यांतून उठलेल्या येशूने समुद्रकाठी त्याला आधी भाकरी नि मासळी खाऊ घातली, जेवण झाल्यावर तीनदा एवढंच विचारलं की माझ्यावर प्रेम आहे का, आणि दरवेळी काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ. इथे ताई खूप रडल्या.

त्यांनाही काम दिलं, ज्या भावाने वडिलांचं सगळं केलं त्याला जाऊन भेटा. रात्रीच्या कबुलीऐवजी बायबलमधलं स्तोत्र १०३ वाचा, देवाच्या क्षमेचं. झोपेसाठी डॉक्टरकडे पण पाठवलं, गोळी लागली म्हणजे विश्वास कमी पडला असं अजिबात नाही.

भाऊ पहिल्यांदा नीट बोललाच नाही, दुसऱ्या वेळी जेवायला थांबवलं. ताई आता प्रभुभोजन घेतात, झोपही बरीच सुधारलीय. वडिलांच्या आठवणीने अजून रडतात, आणि मी त्यांना थांबवत नाही, बाप गेल्याचं दुःख आहे ते.