२००९ च्या अमेरिकन स्टिम्युलसमधून घरांसाठी जो पैसा आला, त्याचा सामान्य माणसाला खरंच उपयोग झाला का?

आधीच सांगून टाकतो, माझं उत्तर तटस्थ नाही. २०१० ते २०१२ मी ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये एका छोट्या संस्थेत याच पैशातून पगार घेत होतो. तुम्ही विचारलंय की स्वस्त घरं, ऊर्जाबचत आणि घरांच्या जप्त्या थांबवणं, या तीन नावांखाली ओतलेल्या पैशातलं लोकांच्या हाती काय लागलं. माझ्या मते जो पैसा भिंतींत गेला तो कामी आला. जो बँकांच्या हातून जायचा होता, तो वाटेतच अडकला.

दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ओबामांनी १७ फेब्रुवारी २००९ ला डेन्व्हरमध्ये सही केली तो ७८७ अब्ज डॉलरचा स्टिम्युलस, म्हणजे मंदीतून अर्थव्यवस्था सावरायला सरकारने ओतलेला पैसा. दुसऱ्याच दिवशी अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे त्यांनी गृहकर्जदारांसाठी जी योजना जाहीर केली, तिचा मोठा हिस्सा बँका वाचवायला काढलेल्या ७०० अब्जांच्या निधीतून येणार होता. लोक दोन्हीला 'स्टिम्युलस' म्हणतात आणि मग एकाच्या शिव्या दुसऱ्याला पडतात.

माझं काम वेदरायझेशनचं, म्हणजे गरिबांच्या घरांतून वाया जाणारी ऊब अडवायची. योजना १९७६ पासूनची. एरवी देशभराला मिळून वर्षाकाठी पाव अब्ज डॉलरच्या आसपास मिळायचे, ते एकदम ५ अब्ज आले. वीस वर्षांचं जेवण एका ताटात! प्रत्येक घरावर सरासरी ६,५०० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा होती. पण स्टिम्युलसच्या कामाला स्थानिक दराने मजुरी द्यायची अट होती आणि या कामाचे दर तोवर कुणी ठरवलेच नव्हते. कामगार खात्याने ते ठरवेपर्यंत २००९ चा बराचसा काळ अनेक राज्यांत कामं रखडली. मी रुजू झालो तेव्हा ती गाठ नुकती सुटली होती.

एक घर अजून आठवतं. स्लाव्हिक व्हिलेज भागातलं शंभर वर्षांचं लाकडी दुमजली घर, एकटी राहणारी म्हातारी, जानेवारी महिना. फटी शोधायला आम्ही दाराच्या चौकटीत कापडी पडदा आणि मोठा पंखा बसवायचो. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, मग फटीफटीतून बाहेरची गार हवा आत घुसते. हातातली धुराची कांडी विजेच्या सॉकेटजवळ धरली, तर धूर सरळ तोंडावर आला. भिंती आतून पोकळ, वरच्या पोटमाळ्यापर्यंत. बाहेरून भोकं पाडून आम्ही त्यात सेल्युलोज भरलं, म्हणजे वर्तमानपत्रांचा बारीक भुगा, न पेटण्यासाठी औषध लावलेला. सांगलीला आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, मग रद्दीवाल्याला तरी दिली असतीत."

फुकट असूनही लोकांना पटवणं हे सगळ्यात अवघड. दार वाजवलं की संशय: सरकार फुकट देतंय म्हणजे घर काढून घेणार. मिशिगनमध्ये ३० हजारांहून जास्त कुटुंबांवर संशोधकांनी प्रयोग केला होता. त्यातल्या एका गटाला फोन करून, घरी जाऊन, अर्ज भरून देऊनही त्या गटातल्या जेमतेम ६ टक्के घरांत काम झालं. शिवाय त्यांच्या हिशेबाने वाचलेल्या इंधनापेक्षा खर्च जवळजवळ दुप्पट निघाला. आकडे मला मान्य आहेत. मात्र त्या म्हातारीची घर गरम ठेवणारी भट्टी विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडत होती, म्हणून आम्ही ती बदलली. ते इंधनाच्या बिलात दिसत नाही.

स्वस्त घरांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ही घरं बरीचशी करसवलतीवर बांधली जातात. बिल्डर ती सवलत बँकांना विकून रोकड उभी करतो. २००८ मध्ये बँकांना नफाच उरला नाही, मग कर वाचवायला सवलत घेणार कोण? अर्धवट इमारती उभ्या राहिल्या. स्टिम्युलसने त्यात २.२५ अब्ज घातले आणि राज्यांना न खपलेली सवलत डॉलरमागे ८५ सेंटनी केंद्राला परत करून रोकड घ्यायची सोय दिली. कंटाळवाणी तरतूद, पण मला सगळ्यात शहाणी वाटते ती हीच.

जप्त्यांचं काय झालं ते माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याने भोगलं. मेसात जाहीर झालेली योजना अशी: गृहकर्जाचा हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा, तीन महिने कमी हप्ता भरून दाखवायचा, मग तो कायम. याचे तीन महिने नऊ झाले. तेच कागद त्याने चार वेळा फॅक्स केले, दर वेळी "मिळाले नाहीत". शेवटी नकार आला, आणि नऊ महिन्यांतला कमी भरलेला फरक एकरकमी मागितला. दुसऱ्यांच्या घरांच्या फटी बुजवणारा हा माणूस स्वतःचं घर गमावून बसला. सरकारने ३० ते ४० लाख कुटुंबांना वाचवू म्हटलं होतं. योजना २०१६ अखेर बंद झाली तोवर कायमचा दिलासा १६-१७ लाखांच्या आसपास लोकांना मिळाला.

ओसाड घरांसाठी स्टिम्युलसमध्ये वेगळे २ अब्ज होते. स्लाव्हिक व्हिलेजच्या पिनकोडमध्ये २००७ साली देशात सर्वाधिक जप्त्या झाल्या होत्या. तिथे घरं घ्यायला माणसंच नव्हती, पाडायला पैसा हवा होता. नियम मात्र असा की खास परवानगी नसेल तर पाडकामावर दहा टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही, दुरुस्त करून विका.

म्हातारीच्या शेजारचं घर असंच ओसाड होतं. तांब्याचे पाइप चोरीला गेलेले, तळघरात पाणी गोठलेलं. पुढच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. मला वाटलं, बिल कमी झालं म्हणून सांगत असेल. तिला विचारायचं होतं, शेजारचं घर कधी पाडणार. मी तिला दुसऱ्या खात्याचा नंबर दिला.